कॉन्व्हॉयला काय म्हणावे: ताफा, तांडा की काफिला?

प्रश्न असा आला आहे: महायुद्धातल्या पाणबुड्यांवरचा लेख मराठीत आणताना ‘कॉन्व्हॉय’ला, म्हणजे लढाऊ नौकांच्या पहाऱ्यात एकत्र जाणाऱ्या व्यापारी जहाजांना, ‘जहाजांचा ताफा’ म्हटले तर चालेल का?

चालेल, वर्तमानपत्रांत रोज चालते. मला मात्र खटकते. ताफा म्हटले की मंत्र्याच्या गाड्या डोळ्यांपुढे येतात, नाहीतर वाजंत्री. ताफा कुणा एकाचा असतो आणि दिमाखही त्याचाच. अटलांटिकवर नॉर्वेचे तेलवाहू, ग्रीसचे धान्याचे, ब्रिटनचे लाकूड भरलेले अशी एरवी एकमेकांशी देणेघेणे नसलेली जहाजे केवळ भीतीपोटी एकत्र चालत, आणि वेग सगळ्यांत संथ जहाजाचा. तांडा जवळचा वाटतो, पण लमाणांचा तांडा म्हणजे बायकापोरांसकट एक समाजच. वाटेपुरते एकत्र आलेले परके व्यापारी म्हणजे काफिला.

काफिला वाळवंटातला, समुद्रावर कसा शोभेल? तर तो आपल्याच किनाऱ्यावर शोभलेला आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत गोवा आणि खंबायत यांच्यामध्ये व्यापारी गलबते मलबारी चाच्यांच्या धाकाने पोर्तुगीज लढाऊ नौकांच्या पहाऱ्यात जात, शेकड्यांनी. पोर्तुगीज त्याला ‘काफिला’च म्हणत, शब्द अरबीतून उचललेला. (पहाऱ्यामागे जकात गोव्यात भरून घ्यायचा हिशेबही होताच.) त्यांच्या ‘आर्मादा’चे आपण आरमार केले, मग काफिल्यालाच का परके मानायचे?

आता अर्थाकडे. एप्रिल 1917 मध्ये ब्रिटनहून निघालेल्या दर चार जहाजांतले एक परत येत नव्हते. तरी नौदल काफिल्याला राजी नव्हते. जहाजे एकत्र आणली की शत्रूला आयते सावज मिळेल, असा तर्क. शिवाय आठवड्याला अडीच हजार जहाजे येतात नि तेवढीच जातात, राखण कुठवर पुरणार? त्या आकड्यात किनाऱ्यालगतच्या बारक्या बोटीही मोजलेल्या निघाल्या. महासागर ओलांडून येणारी जहाजे दिवसाला जेमतेम वीस.

आणि तर्कच उलटा होता. अफाट समुद्रात चाळीस जहाजांचा घोळका सापडणे हे एकटे जहाज सापडण्याइतकेच, फार तर किंचित सोपे. चाळीस जहाजे सुटी सोडली, तर पाणबुडीला चाळीस संधी. एकत्र नेली तर एकच, तीही हुकली की पुढे रिकामे पाणी. सापडलेच, तर तिला विनाशिकांच्या (डिस्ट्रॉयर युद्धनौकांच्या) तोंडी यावे लागते. मे 1917 पासून काफिले सुरू झाले आणि त्यांतल्या जहाजांची हानी शेकडा एकाच्याही खाली राहिली.

‘एस्कॉर्ट’साठी ‘संरक्षक जहाज’ ठीक आहे. पण लेखात 1940 सालची हकिकत असेल, तर मला ‘बोळवण’ आठवते. आजची ‘पाच रुपयांवर बोळवण’ नव्हे, वेशीपर्यंत सोबत जाणे ही जुनी. तेव्हा पश्चिमेकडे निघालेल्या जहाजांची विनाशिका आयर्लंडच्या पलीकडे थोड्याच अंतरापर्यंत सोबत करत आणि माघारी वळत. अटलांटिकभर अखंड सोबत मिळू लागली ती 1941 च्या मध्यावर.

जर्मन पाणबुड्यांच्या ‘वुल्फपॅक’ला ‘लांडग्यांचा कळप’ लिहू नका. कळप चरतो, टोळी तुटून पडते.

राहता राहिला ‘स्कॅटर’. रशियाकडे निघालेल्या पीक्यू 17 या काफिल्याला 4 जुलै 1942 रोजी लंडनहून तो हुकूम गेला. टिर्पिट्झ ही जर्मन युद्धनौका चालून येईल, ही धास्ती. ती पोचलीच नाही. सुट्या जहाजांना पाणबुड्यांनी आणि विमानांनी गाठले, पस्तिसांतली सुमारे दोन तृतीयांश बुडाली. इथे ‘विखुरणे’ नको, दाणे विखुरतात. जीव घेऊन दिशा फुटेल तिकडे जाणे म्हणजे पांगणे. हुकूम एका शब्दात लिहा: ‘पांगा’.