ब्रदरची पाठवणी

‘मुलगा पुढच्या आठवड्यात परदेशी निघालाय आणि नेमका आत्ताच आमच्यावर डाफरतो. धड बोलत नाही, पानावर बसत नाही. त्याला आमचं काही वाटतच नाही का?’

व्हिसे हातात पडायला लागले की इंदूरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत कुणी ना कुणी आई हा प्रश्न घेऊन येतेच. मुलं बहुधा जर्मनीला नाहीतर कॅनडाला शिकायला चाललेली असतात. मला मात्र दर वेळी आठवतो तो एक ब्रदर, म्हणजे फादर होण्याचं शिक्षण घेणारा मुलगा. (ओळख पटेल असे तपशील बदललेत. गोष्ट सांगायला त्याची आणि घरच्यांची हरकत नाही.)

वय २४. घर मराठी कॅथलिक. आजोबा नगरकडून कामासाठी इंदूरला आले आणि इथलेच झाले, पण हरेगावच्या मतमाउलीची (मदर मेरीची) सप्टेंबरातली यात्रा अजून चुकवत नाहीत. मुलगा एस.व्ही.डी. या मिशनरी संघात गेला. आर्नोल्ड यान्सेन यांनी १८७५ मध्ये हॉलंडमधल्या स्टाइल गावी सुरू केलेला हा संघ. फादर होण्याआधीच काही ब्रदरना दोन-तीन वर्षं परक्या देशात राहायला, तिथली भाषा शिकायला पाठवायची त्यांच्याकडे पद्धत आहे. ह्याचा नंबर घानाला लागला होता. ट्वी भाषेतले नमस्कार-चमत्कार पाठ झाले होते, पीतज्वराची लस टोचून झाली होती, मलेरियाच्या गोळ्या आणल्या होत्या. राहिले होते आठ दिवस, त्यातले चार घरी.

आई त्याला जवळजवळ ओढूनच घेऊन आल्या. आदल्या रात्री जीरावनवरून, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्यावरून, भांडण झालं होतं. बॅगेची मर्यादा २३ किलो, आईंनी त्यात जीरावनचे दोन डबे, शेंगदाण्याची चटणी आणि किलोभर सेव कोंबली, ह्यानं सगळं ओट्यावर काढून ठेवलं. आई बाहेर गेल्यावर तो म्हणाला, ‘‘मॅडम, आई रडते, आजी रडते. मला काहीच होत नाही. कोरडा ठणठणीत. हे बरोबर आहे का?’’

इथे मी चुकले. ‘‘तुला खरंच जायचंय ना?’’ असं विचारून बसले. त्याचा चेहरा पडला. हाच प्रश्न गेले सहा महिने नातेवाईक त्याला विचारत होते, आणि आता पैसे घेऊन मीही तेच विचारत होते! सावरायला वेळ लागला. मग तो म्हणाला, ‘‘आमचे संत योसेफ फ्राइनाडेमेट्स १८७९ मध्ये चीनला गेले. १९०८ मध्ये तिकडेच वारले, पुन्हा घर पाहिलं नाही. आणि मी दोन-तीन वर्षांसाठी इथे येऊन बसलोय.’’

संतांशी तुलना करून कुणाचंच भलं होत नाही, असं माझं मत आहे. त्याला मी एवढंच म्हटलं, की याच संतांना सुरुवातीला चिनी रीतिभाती मुळीच रुचल्या नव्हत्या, मन वळायला वर्षं गेली. तुला पहिल्या महिन्यात घाना आवडला नाही तर बिचकू नकोस. तो पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या भेटीत आजीही आल्या. त्या सहज बोलून गेल्या, ‘‘ही पाठवणीच की हो. पण पोरीच्या पाठवणीला रडायला वेळ तरी राखून ठेवतात.’’ मी वही मिटली. खरंच, मुलीची आपण ओटी भरतो, गळ्यात पडून रडतो, तिला आणायला मुराळी पाठवतो. जाणं सगळ्यांनी मिळून सोसायची ती रीत आहे. मुलगा निघाला की हातात वजनकाटा आणि कागदपत्रांची फाइल. मग ते सोसणं दुसऱ्या वाटेनं बाहेर पडतं. भांडून निघणं सोपं असतं. रागावलेल्या माणसाला दार ओढून घेता येतं. कोरडेपणाही त्यातलाच. प्रेम आटल्याची ती खूण नव्हे, आणि निर्णय चुकल्याची तर नव्हेच.

खरी गाठ तिसऱ्या भेटीत सुटली. पप्पांना मधुमेह, एकदा अँजिओप्लास्टी झालेली. ‘‘तिकडे असताना त्यांना काही झालं आणि मला सांगितलंच नाही तर?’’ ही भीती त्यानं प्रशिक्षण देणाऱ्या फादरनाही सांगितली नव्हती. कच्चा ठरवतील म्हणून. मी त्याला त्यांच्याकडे पाठवलं. घरी कुणी अत्यवस्थ असेल तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे त्यांनी अर्ध्या तासात स्पष्ट सांगितलं. विचारायलाच तेवढे सहा महिने लागले.

आता राहिला दादा. पीथमपूरच्या कारखान्यात पाळीनं काम करणारा. त्याचं एक वाक्य वर्षभर घरात लोंबकळत होतं, ‘‘तू देवाकडे चाललास, आईबापांना माझ्यावर टाकून.’’ देश बदलणाऱ्या कुटुंबांसाठी डेव्हिड पोलॉक या अमेरिकी अभ्यासकानं चार पायऱ्या सांगितल्यात. त्यांची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की ‘राफ्ट’, म्हणजे तराफा होतो. पहिली पायरी समेटाची. मी दोघांना समोरासमोर बसवायला तयार होते, पण ते माझ्याशिवायच सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गेले आणि रात्री दीडला परतले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. ठरलं ते एवढंच: पप्पांच्या तब्येतीचं काहीही लपवायचं नाही, आणि कळवणारा माणूस दादाच. आईंवर ते काम सोपवलं असतं तर ‘‘सगळं छान आहे’’ यापलीकडे एक शब्द गेला नसता. परदेशी असलेल्याला काळजी नको म्हणून आजारपण लपवणारी घरं मी इतकी पाहिलीत, की ही अट मी आता सगळ्यांनाच घालायला सांगते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आजींनी नातवाच्या कपाळावर क्रूस काढला आणि सगळे यथेच्छ रडले. जीरावनचा एक डबा गेला, दुसरा राहिला.

परवा आई बाजारात भेटल्या. घाना आपल्या साडेपाच तास मागे आहे, म्हणून रविवारी रात्री साडेनऊला फोन, तेव्हा तिकडे दुपारचे चार. दादा आधी साखरेचा आकडा सांगतो, मग बाकीचं. ‘‘गेल्या रविवारी २१० सांगितला,’’ आई म्हणाल्या, ‘‘आणि वर हेही सांगितलं, की पप्पांनी चोरून शिकंजी प्यायली. तिकडून पोरगा बापाला रागावला हो!’’