ओटीडीआरने दाखवलेला कट नकाशावर नेमका कुठे शोधायचा?

तुम्ही विचारलंय की भंवरकुआंहून राऊकडे जाणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या लाइनवर ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून अंतर मोजणारं यंत्र) ६.४१२ किमीवर कट दाखवतो, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढ्या अंतरावर बिंदू टाकून खणलं तर केबल धडधाकट निघाली. मग चुकतंय कोण, यंत्र की सॉफ्टवेअर?

बहुतेक दोन्ही बरोबर आहेत. ओटीडीआर काचेतलं अंतर सांगतो, तुम्हाला हवंय जमिनीवरचं. मीही इंदूरमध्ये हेच काम करतो आणि इथे सगळ्यात मोठा फटका बसतो तो लेयरच्या (नकाशातल्या थराच्या) प्रोजेक्शनचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीचा.

उपग्रहाच्या चित्रावर लाइन काढली असेल तर लेयर बहुधा वेब मर्केटरमध्ये, म्हणजे ईपीएसजी ३८५७ मध्ये असेल. त्यात विषुववृत्तापासून दूर जाऊ तसं अंतर ताणलं जातं. इंदूरच्या अक्षांशावर जमिनीवरचे १०० मीटर तिथे १०८ होतात. त्यामुळे सहा-साडेसहा किमीला बिंदू जवळजवळ ५०० मीटर अलीकडे पडतो. अंतर मोजायचं टूल पृथ्वीचा गोलावा धरून आकडा देतं, म्हणून शंकाही येत नाही. रेषेवर बिंदू टाकणारं टूल मात्र लेयरच्या एककातच मोजतं. लेयर ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे यूटीएम झोन ४३ उत्तरमध्ये सेव्ह करा आणि मग बिंदू टाका.

आता उलट दिशेची चूक. कोरच्या, म्हणजे काचेच्या तंतूंच्या, ट्यूब केबलमध्ये पीळ घेत जातात, त्यामुळे फायबर केबलहून लांब भरतो. शिवाय ज्यॉइंटच्या चेंबरमध्ये केबलचा लूप ठेवलेला असतो. एक्स्चेंजपासून मोजलं की हे सगळं साठत जातं. म्हणून तिथून मोजूच नका. ट्रेसवर, म्हणजे ओटीडीआरने काढलेल्या आलेखावर, कटाच्या आधीचा शेवटचा ज्यॉइंट शोधा. समजा तो ५.९८० वर आहे. राहिले ४३२ मीटर. पुढच्या बाजूचा लूप १५ मीटरचा, म्हणजे ४१७. पिळाचा दीड टक्का धरला तर आणखी ६ गेले. ज्यॉइंटपासून ४११ मीटरवर बघायचं. हा दीड टक्का तुमच्या केबलला लागू पडेलच असं नाही. कटाच्या अलीकडचे दोन ज्यॉइंट घ्या, त्यांच्यातलं ट्रेसवरचं अंतर काढा, लूप वजा करा आणि नकाशावरच्या अंतराने भागा. तुमचा आकडा मिळेल. स्प्लाइस (दोन तंतूंचा सांधा) उत्तम झालेला असेल तर ज्यॉइंट ट्रेसवर दिसणारच नाही, तेव्हा दुसऱ्या कोरवर किंवा लाइन टाकतानाच्या जुन्या ट्रेसवर शोधा.

यंत्रातला आयओआर, म्हणजे काचेचा अपवर्तनांकही बघून घ्या. साध्या सिंगल मोड फायबरला तो १.४६८ च्या आसपास लागतो, कुणी १.५ ठेवला असेल तर एवढ्या लांबीला कट सुमारे १४० मीटर अलीकडे दिसेल.

जेसीबी बोलावण्याआधी १३१० आणि १५५० नॅनोमीटर, दोन्हींवर ट्रेस घ्या. १५५० वर लॉस (प्रकाशाची घट) मोठा आणि १३१० वर किरकोळ असेल तर तो कट नसून बेंड (फायबरला बसलेला बाक) आहे, आणि बेंड बहुतेक चेंबरमध्येच सापडतो. रस्ता फोडायची गरजच नाही. कटच असेल तरी आधी दोन्हीकडचे चेंबर उघडून केबलवर छापलेले मीटरचे आकडे वाचा. नकाशावरची लाइन मुळात चुकीची काढली असेल तर तिथेच कळतं.

दुरुस्तीनंतर नवा ज्यॉइंट आणि त्याचा लूप त्याच दिवशी लेयरमध्ये भरा. त्या जागेच्या पुढचं प्रत्येक अंतर आता तेवढ्या मीटरनी बदललेलं असतं.