पेनड्राईव्ह हातानेच माउंट करा, आणि उपटू नका

लिनक्स डेस्कटॉपला पेनड्राईव्ह लावला की तो आपोआप उघडत नाही, हाताने माउंट कसा करायचा (म्हणजे त्यातल्या फायली एका फोल्डरात दिसतील असा जोडायचा), आणि आजच्या काळात एवढी कटकट कशाला, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या अर्ध्याचं उत्तर चार ओळींचं आहे. दुसऱ्या अर्ध्यावरून माझं भावोजींशी जुनं भांडण आहे, तेव्हा जरा लांबेल.

टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके' (lsblk, जोडलेल्या डिस्कची यादी) मारा. साइझवरून आपला पेनड्राईव्ह ओळखा. एसडीबी दिसला तर त्याच्या पोटातला एसडीबी१ हा भाग (पार्टिशन) घ्यायचा, अख्खा एसडीबी नव्हे. 'एमएनटी'मध्ये एक रिकामा फोल्डर करा आणि 'सुडो माउंट /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी/पेन' (sudo mount /dev/sdb1 /mnt/pen; सुडो म्हणजे अॅडमिनच्या हक्काने). काम झालं की 'सुडो यूमाउंट /एमएनटी/पेन' (sudo umount /mnt/pen). झालं.

आता कटकट कशाला ते. मालवणात माझं झेरॉक्स आणि स्कॅनिंगचं दुकान आहे आणि तिथल्या मशीनवर ऑटोमाउंट मी मुद्दाम बंद ठेवलंय. लोकांचे पेनड्राईव्ह कुठे कुठे फिरून आलेले असतात. व्हायरसने फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट झालेले तर नेहमीचेच. गिऱ्हाइकाचा पेनड्राईव्ह मी 'आरओ' (-o ro) पर्याय लावून फक्त वाचण्यापुरता माउंट करतो. माझ्याकडून त्यात काही जायला नको आणि उद्या बोल लागायला नको.

भावोजी याला 'शायनिंग' म्हणतात. गणपतीत ते मुंबईहून आले होते. आमच्या गावच्या जत्रेतल्या दशावताराचं शूटिंग बहिणीला बघायचं होतं. रात्रभराचा खेळ, कॅमेऱ्याने तुकडे तुकडे करून ठेवलेल्या मोठ्या फायली. कॉपीची पट्टी भरली, पण पेनड्राईव्हचा लाल दिवा लुकलुकत होता. मी म्हटलं थांबा. त्यांना कुडाळला गाडी पकडायची होती. "पट्टी भरली मा? मगे काढूक काय झाला?" म्हणत त्यांनी तो उपटला आणि खिशात टाकला.

डोंबिवलीला टीव्हीला लावला तर आडदशावतार (मुख्य खेळाआधीचा पूर्वरंग) व्यवस्थित, संकासुर सगळा आला, आणि मुख्य आख्यानाच्या फायली शून्य केबी. बहिणीचा फोन मलाच.

पट्टी भरते तेव्हा बराचसा डेटा अजून रॅममध्ये असतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो मागाहून, पेनड्राईव्ह घेईल त्या वेगाने लिहीत बसतो. यूमाउंट शेवटचा बाइट लिहून होईपर्यंत प्रॉम्प्ट परत देतच नाही. लोकांना वाटतं मशीन हँग झालं. अहो, तेच तर त्याचं काम! भावोजी आजही म्हणतात पेनड्राईव्ह डुप्लिकेट होता. त्याच पेनड्राईव्हवर शिमग्याला ते फोटो घेऊन आले, एकूण एक उघडले.

तरीही, घरच्या मशीनवर फक्त स्वतःचेच पेनड्राईव्ह लावत असाल तर ऑटोमाउंट खुशाल चालू ठेवा. मात्र काढताना इजेक्ट दाबा, तेही हेच काम करतं. सुडोने माउंट केलेल्या फॅट (FAT) फॉरमॅटच्या पेनड्राईव्हवर साध्या युजरला लिहिता येत नाही. माउंट करताना 'यूआयडी' (uid) पर्यायात आपला युजर नंबर द्या, बहुधा १००० असतो. किंवा माउंट करायला सरळ 'यूडिस्क्ससीटीएल' (udisksctl) वापरा, डेस्कटॉपवर त्याला सहसा सुडो लागत नाही. यूमाउंट 'बिझी' म्हणून अडलं तर बहुतेक तुमचं टर्मिनलच त्या फोल्डरात उभं असतं, बाहेर या. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर लिहिता येत नसेल तर तिकडे फास्ट स्टार्टअप बंद करून मशीन नीट शटडाऊन करा.

आणि एलएसबीएलकेमध्ये काहीच दिसत नसेल तर माउंटच्या मागे लागू नका. आमच्याकडे खाऱ्या हवेने कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट आधी गंजतात. मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा आणि 'डीमेसेज'च्या (dmesg, कर्नलचे संदेश) शेवटच्या ओळी काय म्हणतात ते इथे टाका, मग बघू.