त्याच्यावाचून वर्गाचं अडलं पाहिजे

प्रिय बाय,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, लगेच उत्तर द्यायला घेतलं पण फोनवर टाइप करता करता लांबतच गेलं म्हणून आज सकाळी नीट बसून लिहितेय. वास्कोला पोस्टिंग, जॉइन झाल्या झाल्या आठवी ब, आणि वर हेडसरांनी ‘विविधतेत एकता’चा कार्यक्रमपण तुझ्याच गळ्यात घातला. तू वाळपईची, तुझ्यासोबत शाळेत होती ती सगळी आजूबाजूच्या वाड्यांवरची, एकमेकांच्या घरी चवथीला जाणारी मुलं. इथे एका वर्गात पाच भाषा. घाबरलीयस ते कळतंय मला, मीपण घाबरले होते गो.

कार्यक्रमाचं आधी सांगून टाकते. कर, छान कर, मुलांना नाचायला आवडतं. फक्त राज्यं वाटून देऊ नकोस. कानडी बोलणारी मुलगी दिसली की तिला इरकल नेसवून कर्नाटक म्हणून उभी करतात, आणि ती पोर जन्मलेली वास्कोची, बायणाला वाढलेली, विजापूर म्हणजे तिच्यासाठी मे महिन्यात आजीकडे जायचं गाव. स्वतःच्याच शाळेत तिला पाहुणी का करायची? तिला विचार काय करायचंय, कदाचित आपला गोव्याचा देखणी नाच करायचा असेल तिला. आणि आठवीला कायद्याने वर्षाचे किमान २२० दिवस शाळा धरलीय, कार्यक्रम त्यातला एक. मला बोलायचंय ते बाकीच्या दिवसांबद्दल.

सगळ्यात आधी हजेरी. आमच्या एका वर्गात लमाणी आडनावाची चार मुलं होती, आणि एक शिक्षक सरळ ‘लमाणी वन, लमाणी टू’ असं पुकारायचे, मुलंपण हसून ‘प्रेझेंट’ म्हणायची आणि मी ते स्टाफरूममध्ये बसून ऐकायचे आणि काही बोलायचे नाही. अजून बोचतं ते मला. तू पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला विचार, तुझं नाव घरी कसं हाक मारतात, आणि तसंच घे, चुकलीस तर परत विचार.

भाषेबद्दल जरा लांब लिहिते कारण इथे माझी स्वतःची मोठी चूक झालीय. या मुलांची वाट कशी असते बघ. घरी कानडी किंवा लमाण्यांची गोरबोली, गल्लीत हिंदी आणि कोकणी, प्राथमिक शाळा सरकारी म्हणून मराठी, आणि पाचवीला हायस्कूलमध्ये पाय ठेवला की सगळं इंग्लिश. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव ज्या मराठी शाळा निघाल्या त्यातूनच आपली आईवडलांची पिढी शिकली, पण आज आपण मराठीवाले आपली मुलं इंग्लिशला घालतो आणि शहरातल्या बऱ्याच सरकारी मराठी शाळांचा पट या कानडी-हिंदी घरातल्या मुलांनी धरून ठेवलाय. हे कुणी मोठ्याने बोलत नाही म्हणून तुला सांगते. ज्यांच्यामुळे आपली शाळा उघडी आहे त्यांनाच आपण ‘घाटी’ म्हणायचं? हा शब्द तुझ्या वर्गात निघेल, पहिल्याच महिन्यात निघेल, चांगल्या घरातल्या मुलाच्या तोंडून निघेल. त्याला सगळ्यांसमोर झापू नकोस, पण सोडूपण नकोस, मधल्या सुट्टीत बसव आणि विचार हा शब्द कुठे ऐकला, बहुतेक उत्तर घर असंच येतं, आणि मग पुढचं बोलणं त्याच्या आईबाबांशी करायचं असतं.

हां, तर माझी चूक. एक मुलगा होता आठवीत, वडील खारीवाड्याला मासेमारीच्या ट्रॉलरवर. विज्ञानाच्या पेपरात काही लिहायचा नाही, विचारलं की मान खाली. मी त्याच्या नावापुढे ‘वीक’ लिहून टाकलं होतं, आणि एकदा असं लिहिलं की आपणपण त्याला प्रश्न विचारायचे सोडून देतो, हे लक्षात ठेव. एक दिवस मी वैतागून म्हटलं, आज कुठल्यापण भाषेत सांगा, मासळी बर्फात ठेवताना बर्फ फोडून का टाकतात, लादी का नाही ठेवत? सगळे गप्प. तो उठला आणि मराठी-हिंदी मिसळून म्हणाला, “लादी एका बाजूनेच लागते टीचर, चुरा चारी बाजूने लागतो, जास्त लागला की जल्दी थंडा.” पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मी दोन पिरियड फळ्यावर शिकवत होते ते त्याने एका वाक्यात सांगितलं. त्यानंतर मी नियम केला, आधी येईल त्या भाषेत सांगायचं, मग सगळ्यांनी मिळून ते इंग्लिशमध्ये आणायचं, कारण परीक्षा शेवटी इंग्लिशमध्येच द्यायचीय आणि ते टाळलं तर आपण त्यांचं नुकसान करतो. धडा लांबतो यात, पोर्शन मागे पडतो, मला बोलणीपण बसली. तरी करच.

त्यावरून मला जे समजलं ते असं की मूल वर्गात बसलंय एवढ्याने ते वर्गातलं होत नाही. त्याच्यावाचून वर्गाचं काहीतरी अडलं पाहिजे.

दुसरा एक मुलगा आठवतो, सेरेब्रल पाल्सी, चालायला त्रास, हात थरथरायचा, डोकं एकदम तल्लख. पीटीच्या पिरियडला सगळे खाली ग्राउंडवर आणि हा वर वर्गात बॅगा सांभाळत. सगळ्यांना वाटायचं आपण त्याची काळजी घेतोय. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की याला क्रिकेटचा प्रत्येक बॉल पाठ असतो, तर पीटीच्या सरांनी त्याच्याकडे स्कोअरबुक दिलं. अक्षर वाकडं यायचं, पण हिशोब कधी चुकला नाही. ग्राउंडला जायला सात पायऱ्या, मुलं उचलून न्यायला तयार होती पण त्याला ते नको असायचं, तोंडाने कधी बोलला नाही, चेहऱ्यावर दिसायचं. रॅम्पसाठी अर्ज केला, तो व्हायला दीड वर्ष गेलं, तोवर मॅच वरच्या छोट्या अंगणात. एकदा तो आला नाही तर दोघे सायकल काढून त्याच्या घरी गेले, स्कोअरर नाही तर मॅच कशी लावायची म्हणून.

त्याच्या निमित्ताने मी कायदा वाचला, तूपण वाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचणपण त्यात येते, म्हणजे ‘आळशी आहे, लक्ष नाही’ म्हणून सोडून दिलेली दोन-तीन मुलं तुझ्या वर्गातपण असू शकतात. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, बाकीच्यांना शिक्षण हक्क १४ पर्यंतच. परीक्षेत लेखनिक मिळतो, आणि केंद्राच्या सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा. पण कागदपत्रांची तयारी आठवी-नववीतच सुरू कर, दहावीच्या जानेवारीत धावाधाव करून काही होत नाही, प्रमाणपत्रासाठी हॉस्पिटलच्या फेऱ्या होतात आणि आईची एक फेरी म्हणजे एक रोज बुडाला. शक्य असेल तेव्हा सोबत जा.

पैशांचं पण असंच. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, पावसात बांधकामं मंदावतात, आणि नेमकं तेव्हाच आपण वह्या, रेनकोट, वर्कबुकचे पैसे मागतो. ऑगस्टपर्यंत थांब. मिड-डे मील आठवीपर्यंत आहे, तुझी मुलं खातील, पण नववीला गेली की बंद. आमच्याकडे नववीतली काही पोरं मधल्या सुट्टीत नळावर पाणी पिऊन लायब्ररीत जाऊन बसायची, मला वाटायचं वाचनाची आवड. भाजीपाव वाटायला येणाऱ्या बचत गटाच्या बाईंनी मला सांगितलं खरं काय ते. आणि रमजानच्या महिन्यात जेवणाच्या वेळी रोजा धरलेल्या मुलांना वर्गातच बसवू नकोस, त्यांना दुसरीकडे सोबत बसायला जागा दे.

पालकसभा. व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका हव्यात, कागदावर असतातच, पण बोलतात कोण, तर ज्यांना शाळेची भाषा येते ते. आम्ही दोनदा सभा संध्याकाळी सहानंतर घेऊन बघितली, काही शिक्षकांना बसचा प्रॉब्लेम झाला, रागावलेपण, पण कधीच न आलेल्या अकरा आया आल्या. एक आई मागे उभी राहून म्हणाली की मुलींच्या टॉयलेटची कडी तुटलीय म्हणून माझी मुलगी दिवसभर पाणी पीत नाही. आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि मुलीच्या वर्गाची क्लास टीचर मी होते.

एक सांभाळ. कानडी येणाऱ्या मुलीला दर वेळी दुभाषी करू नकोस. मी केलं होतं, कौतुकाने केलं होतं, आणि एकदा तिला दुसऱ्याच्या आईला सांगायला लावलं की तुमचा मुलगा नापास आहे. तेरा वर्षांची पोर ती. अशा वेळी मोठं माणूस शोध, ऑफिसमधला शिपाई असू दे, बचत गटातली बाई असू दे.

या रविवारी घरी ये जमलं तर, ते स्कोअरबुक माझ्याकडे आहे अजून, तुला दाखवते. येताना आठवी ब ची यादी आण, एकेका नावापुढे घरी काय हाक मारतात ते लिहून आण, राहिलेली नावं सोमवारी त्यांनाच विचार.

तुझी
टीचर