प्रार्थना कोरडी वाटते तेव्हा

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सलाम.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण घाईने लिहिले असते तर चार वचने उतरवून काढून मी मोकळा झालो असतो. पुण्याला नोकरी लागल्यापासून पवित्र शास्त्र (बायबल) उघडले तरी नजर नुसती ओळींवरून फिरते, प्रार्थनेला बसले की दुसऱ्या दिवशीची कामे आठवतात आणि रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) गीत म्हणताना आपण ढोंग करीत आहोत असे वाटते, असे तू लिहिले आहेस. शेवटी विचारले आहेस, "काका, माझा विश्वास संपत चालला आहे का?"

ज्याचा विश्वास संपत आला त्याला असा प्रश्नच पडत नाही, असे म्हणून मी तुझे समाधान करू शकलो असतो. पण ते अर्धेच खरे आहे. चांगल्या घरांतल्या चांगल्या मुलांचा विश्वास कोणत्याही वादाविना, केवळ हयगयीने विरून गेलेला मी पाहिला आहे. म्हणून धीर देण्याआधी काय करावे ते लिहितो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तुला ठाऊक असेल, पण त्यातला एक भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांच्या ध्यानात आले. हे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. त्या आठ वर्षांत त्या हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, लोकांची टीका सोसली, विधवा मुलींना शिकवले. आतून काहीतरी उणे असतानाही हाती घेतलेले काम त्यांनी सोडले नाही. पुढे केडगावला त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, तेही साध्या बायकांना कळावे अशा भाषेत, आणि मुक्ती या त्यांच्या तिथल्या आश्रमातल्या मुलींनीच त्याच्या छपाईचे खिळे जुळवले. पुणे-दौंड गाडीने जाशील तेव्हा केडगाव स्थानक येताच एवढे आठव, की त्या जागेच्या मागे आठ कोरडी वर्षे उभी आहेत.

आता तुझ्या दिवसाकडे वळतो. तू रात्री साडेअकराला, अंथरुणावर पडल्यावर, मोबाईलवर शास्त्र वाचतेस. त्या वेळी शरीर थकलेले असते, आणि वर येणारा प्रत्येक संदेश वचनाच्या आधी वाचला जातो. छापील शास्त्र आण आणि सकाळची वीस मिनिटे ठरव. मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, पहिल्याच अध्यायात आदल्या संध्याकाळी सगळे गाव दाराशी लोटले होते, तरी येशू पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला गेला. आणि तिथेही शिमोन व त्याचे सोबती त्याला शोधत आले, सगळे तुमचा शोध करीत आहेत म्हणाले. म्हणजे निवांत वेळ त्यालाही आयता मिळाला नाही. मार्काचे सोळा अध्याय आहेत. रोज एक वाचलास तरी दोन आठवडे आणि दोन दिवस लागतील. त्यापलीकडची मोठी योजना इतक्यात आखू नकोस. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचण्याचे तक्ते मी अनेकदा जानेवारीत भिंतीला लावले आणि लेवीय या तिसऱ्याच पुस्तकापर्यंत पोहोचून काढले.

प्रार्थनेसाठी शब्द सुचत नाहीत तेव्हा बायबलमधली स्तोत्रे उसनी घे. ती आनंदाचीच असतात असा समज आपल्या गीतांनी करून दिला आहे, पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र एकदा शेवटपर्यंत वाचून पाहा. ते अंधारातच संपते, शेवटी सावरणारी एकही ओळ येत नाही. असे स्तोत्र ज्या ग्रंथात आहे त्यात तुझ्या कोरडेपणालाही जागा आहे. ज्या दिवशी काहीच वाटत नाही त्या दिवशी तेवढेच देवाला सांग आणि ऊठ. ते ढोंग नव्हे. काही वाटत नसताना वाटते असे दाखवणे हे ढोंग होय, आणि ते मंडळीत पुष्कळदा आपणच एकमेकांकडून करवून घेतो.

मंडळी सोडू नकोस. उपदेश कंटाळवाणा असेल, गायन बेसूर असेल, पंचांमध्ये भांडणे असतील. ती सगळीकडेच आहेत. परंतु घरी बसून ऐकलेल्या उत्तम उपदेशाला शेजारी बसलेला माणूस नसतो. हे मी शिकलो ते फार महागात.

वडिलांच्या शेतीवरून माझे आणि थोरल्या भावाचे बिनसले आणि सहा वर्षे आम्ही बोललो नाही. मंडळी मात्र एकच. एका रविवारी प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत घ्यायच्या भाकरीचे आणि द्राक्षरसाचे, तबक फिरत होते. भाऊ माझ्या दोन बाकडी पुढे बसला होता आणि त्याच्या शर्टाची कॉलर मागून विरलेली मला दिसत होती. माझ्या हातात तो लहानसा पेला आला आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातले वचन आठवले, की वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा. मी पेला तोंडाला लावला नाही, तसाच तबकात परत ठेवला. शेजारच्याने चमकून पाहिले. सोमवारी संध्याकाळी भावाच्या दारात उभा राहिलो. काय बोलावे ते पाठ करून गेलो होतो, त्यातले एकही वाक्य निघाले नाही. तो म्हणाला, "चहा घेतोस का?" शेतीचा वाद त्यानंतरही दोन वर्षे चालला, आणि एक तुकडा मला सोडावा लागला, त्याची हळहळ अजून वाटते. पण त्या सोमवारनंतर प्रार्थना करताना जीभ अडत नाही. तू लिहिलेस की खोलीतल्या मैत्रिणीशी महिनाभर अबोला आहे. तुझ्या कोरडेपणाचे कारण तेच, असे मी म्हणणार नाही. मात्र सुरुवात तिथून करून पाहा.

कचेरीतल्या प्रवासाच्या बिलाबद्दल थोडक्यात लिहितो. सगळे एसटीने जाऊन टॅक्सीचे भाडे लावतात आणि तू खरे भाडे लावलेस तर बाकीचे उघडे पडतात, ही अडचण मी जाणतो, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही तसेच लावले होते. पुढे शुभवर्तमानातल्या जक्कय या लबाड जकातदाराची गोष्ट वाचताना टोचले. त्याला परतफेड करायला कोणी सांगितले नव्हते, तरी चौपट देईन असे तो आपणहून म्हणाला. मी पंच्याऐंशी रुपये घेऊन हेडक्लार्ककडे गेलो, तर ते कोणत्या खात्यात जमा करायचे यावरून तेच वैतागले! तू खरे बिल लाव आणि इतरांच्या बिलांविषयी चकार शब्द काढू नकोस. आपल्या प्रामाणिकपणाची साक्ष देत फिरणारा माणूस कोणालाच आवडत नाही.

राहिला प्रसादाचा प्रश्न. सहकारिणीने सत्यनारायणाचा शिरा आणला की घ्यावा की नाही, यावर आपल्या घरांमध्ये दोन मते आहेत आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे आहेत. ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत मूर्तीला दाखवलेल्या मांसावरून हाच वाद होता. प्रेषित पौल त्यांना लिहिलेल्या पत्रात आधी एवढे स्पष्ट करतो, की अन्नामुळे आपण देवाजवळ सरकत नाही आणि त्यापासून दूरही जात नाही. मग मात्र दुसऱ्याच्या विवेकाला ठेच लागू नये म्हणून आपले स्वातंत्र्य आवरायला सांगतो. तुझा विवेक तुला 'घेऊ नकोस' म्हणत असेल तर घेऊ नकोस, पण नाही म्हणताना चेहरा कडू करू नकोस, आणि त्याच बाईची आई आजारी असेल तर दवाखान्यात डबा घेऊन पहिली तू पोहोच. माझ्या आईने शेजारणींच्या हळदीकुंकवाला न जाताही गल्लीतली बाळंतपणे काढली; तिला त्या घरांमध्ये कोणी परके मानल्याचे मला आठवत नाही.

दशांशाबद्दल, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देण्याबद्दल, विचारले आहेस. पहिल्या पगारापासून बाजूला काढ, मोठा पगार झाल्यावर ते अधिक जड जाते.

नाताळला नगरला येशीलच. भाऊ यंदा करंज्या माझ्याकडेच करणार म्हणतो आहे, त्यामुळे सारणाचे खोबरे किसायला माणूस हवे आहे. त्या मैत्रिणीची सुट्टी असेल तर तिलाही घेऊन ये.

तुझा,
काका