पद्धती, पध्दती आणि 'सर्वोत्तम प्रथा'

प्रश्न असा आहे: सरकारी योजनांच्या अहवालात 'बेस्ट प्रॅक्टिसेस'साठी 'सर्वोत्तम प्रथा' चालेल का? आणि 'मूल्यमापन' म्हणावं की 'मूल्यांकन'?

दुसरा प्रश्न आधी उरकतो. शब्द दोन्ही बरोबर, कामं वेगळी. गावात सिमेंट नाला बांध झाला, अभियंत्याने मापं घेऊन मोजमाप पुस्तिकेत नोंदवली, दराने गुणून रक्कम काढली, ते मूल्यांकन. त्यावर बिल निघतं. त्या बांधाने खालच्या विहिरींचं पाणी वाढलं का, हे तपासणं म्हणजे मूल्यमापन. तिथे एका वर्षाची पातळी दाखवून भागत नाही, कारण पाऊस चांगला झाला की विहिरी बांधाविनाही भरतात. तेवढाच पाऊस झालेलं, पण काम न झालेलं शेजारचं गाव घ्यायचं आणि दोन्हीकडे ऑक्टोबरची व मेची पातळी ताडून बघायची.

आता 'प्रथा'. हा शब्द इथे नकोच. मराठीत प्रथा म्हटलं की हुंड्याची, बालविवाहाची, देवदासीची. शिवाय 'प्रथ्' म्हणजे पसरणं, गाजणं; संस्कृतात 'प्रथा' म्हणजे ख्याती. गाजलेला उपक्रम चांगला असेलच असं नाही.

'पद्धती' हा शब्द मात्र सोन्यासारखा आहे. पद् म्हणजे पाय, हति म्हणजे आघात ('हन्', म्हणजे मारणं, या धातूपासून). पद् + हति = पद्धति: पायांच्या आघाताने पडलेली वाट. 'प्रघात' घ्या, त्यातही तोच 'हन्' धातू. 'वहिवाट' या शब्दात तर वाट उघडच दिसते. 'पायंडा'ची फोड मी पाय + दांडा अशी करतो, हिंदीतल्या पगडंडीचं, म्हणजे पायवाटेचं, भावंड. आणि क्रियापद बघा: वाट पडते, सवय पडते, प्रघात पडतो, पायंडा पडतो. रीत म्हणजे तुडवून तुडवून उमटलेली वाट, हे मराठी माणूस बोलता बोलता सांगून जातो.

'मेथडसाठी पद्धत राखून ठेवा, प्रॅक्टिसला दुसरा शब्द शोधा', असं काही अनुवादक बजावतात. ते साफ चुकतात. 'आमच्याकडे अशी पद्धत आहे' या वाक्यात मेथड कुठे आली? ती प्रॅक्टिसच आहे.

या व्युत्पत्तीने अहवाल लिहिणाऱ्यालाही शिस्त लागते. एका अधिकाऱ्याने एका तालुक्यात एकदा केलं, तो उपक्रम. दुसऱ्या गावांनी तो आपल्या पायांनी चालून पाहिला आणि तिथेही टिकला, की पद्धती. हिवरे बाजार घ्या, जलसंधारणासाठी नावाजलेलं नगर जिल्ह्यातलं गाव. बघायला येणारे सलग समतल चर (उतारावर पाणी अडवायला आडवे खोदलेले) आणि बांध यांचे फोटो घेऊन जातात, कारण त्या कामांना अंदाजपत्रक असतं, निधी मिळतो. मागे राहतो तो पाण्याचा ताळेबंद. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. म्हणजे 500 हेक्टरच्या शिवारात 400 मिलिमीटर पडला तर 200 कोटी लिटर. त्यातून वाहून गेलेलं, वाफ झालेलं, मातीत ओल म्हणून राहिलेलं वजा करायचं, माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यात रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. हे दरवर्षी करावं लागतं. चर खोदले आणि ताळेबंद सोडला, तर मुरलेलं पाणी नव्या बोअरवेल उपसून नेतात. म्हणून 'सर्वोत्तम पद्धती'च्या रकान्यात कोणती कामं झाली याबरोबर कोणते नियम पाळले तेही लिहा: सिंचनासाठी बोअरवेलबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, आणि किती वर्षं पाळले.

राहिला तो 'पध्दती'. शासन निर्णयांपासून शाळेच्या फळ्यापर्यंत हा दिसतो आणि दरवेळी डोक्यात जातो. द् आधी, ध नंतर: पद्धती. उद् + हार = उद्धार, तद् + हित = तद्धित, तसंच हे. 'ध्द' लिहिलं की 'पद्'मधला द् जागचा हलतो, म्हणजे वाट पाडणारा पायच शब्दातून जातो. टंकलेखनात 'ध्द' जुळवणं सोपं होतं म्हणून ही खोड लागली असेल. आता युनिकोडमध्ये द, हलन्त, ध एवढंच दाबायचं असतं.