आधी अक्षर, मग सिद्धान्त

इतिहासाच्या संशोधनात उतरायचं म्हणतोयस, तर विषय ठरवायची घाई करू नकोस; आधी जुनं हस्ताक्षर वाचायला शीक. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपचा धर्म आणि समाज समजून घ्यायचा तर लॅटिन हवीच, पण मूळ कागद रोज वाचल्याशिवाय नजर बसत नाही. इंग्लंडमधल्या चर्चच्या नोंदवह्यांपासून सुरुवात कर: १५३८ च्या हुकमाने बाप्तिस्मे, लग्नं, दफनं नोंदली जाऊ लागली. तारखा मात्र जपून! तिथे १७५१ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे नोंदीतला फेब्रुवारी १६४२ आपल्या हिशेबाने १६४३ चा. हे विसरून मी एका जोडप्याचं मूल लग्नाआधीचं ठरवलं होतं. ते अजून सलतं. कायमच्या प्राध्यापकीच्या जागा थोड्याच असतात; अभिलेखागारातलं काम मिळालं तर आनंदाने घे.